घरगुती संगणकावर कार्यप्रणालीची कोरी स्थापना आणि जुन्या मराठी लेखनाचा प्रश्न

बीजशब्द : कार्यप्रणाली, फॉरमॅट, फाँट, युनिकोड, लेखनसामग्रीचे जतन

प्रस्तावना

महाराष्ट्रात २००१ मध्ये एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या दशकात तालुक्याच्या गावांतील शिक्षक-प्राध्यापकांच्या घरी संगणक पोहोचला. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे असेच एक गाव होय. सिंदफणा नदीच्या परिसरातील हे गाव १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा हा मुलूख आहे. त्यामुळे ऊसतोड कामगारांचे जीवन, जात्यावरच्या ओव्या, गावोगावची बोली, दुष्काळाच्या आठवणी हे विषय येथील अध्यापकाला संशोधनासाठी जवळचे वाटावेत, हे स्वाभाविक आहे. अशा संशोधनातून जमलेली सामग्री त्या काळी डी.टी.पी.च्या दुकानात टंकलिखित होत असे, सीडीवर उतरत असे आणि शेवटी घरच्या संगणकात येऊन राहत असे. प्रबंधाची बांधीव प्रत विद्यापीठात जमा होई. मुलाखतींची मूळ टिपणे, प्रबंधात न सामावलेल्या ओव्या, परिशिष्टांचे कच्चे खर्डे मात्र घरातच राहत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याची तरतूद केली आणि 'शोधगंगा'सारख्या भांडारामुळे प्रबंधांची काही सोय झाली. पण कच्च्या सामग्रीला असे कोणतेही भांडार नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या वृद्ध स्त्रियांनी ओव्या सांगितल्या, त्यांच्याकडे आज पुन्हा जाता येईलच असे नाही.

दुसरीकडे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार संपला. घरगुती ग्राहकांसाठी देऊ केलेली सुरक्षाविषयक मुदतवाढही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. परिणामी असंख्य घरगुती संगणकांवर नवी कार्यप्रणाली टाकण्याची वेळ आली आहे. हे काम तांत्रिकदृष्ट्या आता फारसे अवघड राहिलेले नाही; अध्यापकाने ते स्वतः करावे इतके ते सोपे झाले आहे. मात्र मराठी घरातील संगणकाच्या बाबतीत त्यात एक धोका आहे आणि त्याची चर्चा संगणकविषयक इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा आहे की, 'फाइली डी ड्राइव्हमध्ये आहेत, तेव्हा सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला तरी काही बिघडत नाही.' इंग्रजी मजकुरापुरता हा समज बराचसा खरा आहे. जुन्या मराठी मजकुराच्या बाबतीत तो खरा नाही. मजकूर डी ड्राइव्हमध्ये असतो. पण तो वाचण्याची किल्ली, म्हणजे फाँट, सी ड्राइव्हमध्ये असते. पेटी वाचते, पण किल्ली जाते. या एका मुद्द्याभोवती प्रस्तुत लेखात कोऱ्या स्थापनेचे विवेचन केले आहे.

कोरी स्थापना म्हणजे काय

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे सर्व भाग आणि आपण वापरतो त्या आज्ञावली यांच्यामधील व्यवस्थापक. ती बदलण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जुन्या प्रणालीवरच नवी आवृत्ती चढविणे, म्हणजे अपग्रेड करणे. यात फाइली, फाँट, सॉफ्टवेअर बहुतांशी जागच्या जागी राहतात. दुसरा म्हणजे 'रीसेट'. यात आपल्या फाइली ठेवण्याचा पर्याय असतो. तथापि बाहेरून टाकलेले सॉफ्टवेअर निघून जाते. तिसरा मार्ग म्हणजे हार्ड डिस्कवरील जुनी प्रणाली पुसून टाकून पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली बसविणे. यालाच येथे 'कोरी स्थापना' म्हटले आहे. बोलीत यासाठी 'फॉरमॅट मारणे' व 'विंडोज टाकणे' असे दोन शब्दप्रयोग रुळले आहेत. यांतला 'मारणे' हा शब्द बोलणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा अधिक अचूक आहे.

फॉरमॅट मारल्याने नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. झटपट फॉरमॅटमध्ये डिस्कवरील मजकूर प्रत्यक्षात पुसला जात नाही. कोणती फाइल कोठे आहे याची नोंदवही तेवढी कोरी केली जाते. त्यामुळे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून मजकूर परत मिळविण्याची काही आशा उरते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये मात्र डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिली जातात. आणि एस.एस.डी. प्रकारच्या डिस्कमध्ये रिकाम्या ठरविलेल्या जागा डिस्क स्वतःच साफ करून ठेवते, त्यामुळे तेथे झटपट फॉरमॅटनंतरही आशा जवळपास संपते. 'दुकानदार काढून देईल परत' हा जुना दिलासा आता टिकणारा नाही.

कोरी स्थापना नेहमीच आवश्यक असते असेही नाही. संगणक मंद झाला की फॉरमॅट मारायचा, ही सवय विंडोज ९८ व एक्स.पी.च्या काळात लागली आणि अजून सुटलेली नाही. आजच्या काळात मंदपणाचे कारण बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क हे असते. ती बदलून एस.एस.डी. बसविल्यास जुन्या यंत्रालाही नवी उभारी येते. प्रस्तुत लेखकाच्या मते घरगुती संगणकासाठी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे : नवी एस.एस.डी. आणावी, कोरी स्थापना तिच्यावर करावी आणि जुनी हार्ड डिस्क न पुसता बाहेर काढून, यू.एस.बी. पेटीत घालून कपाटात ठेवावी. थोडा खर्च होतो; पण फाँट, सेटिंग, विसरलेली फाइल असे सारे काही जसेच्या तसे हाताशी राहते. ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्यासाठी पुढील विवेचन अधिक महत्त्वाचे ठरेल.

मराठी अक्षर संगणकात कसे साठते

संगणक अक्षरे साठवीत नाही, क्रमांक साठवितो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर मानावयाचे, हा केवळ संकेत असतो. इंग्रजीसाठी हा संकेत फार पूर्वी ठरला आणि सर्वांनी पाळला. भारतीय लिप्यांसाठीही तसा संकेत वेळेवर ठरला होता, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान अक्षरांचे क्रमांक साठवीत असे, आकारांचे नव्हे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' या नावाने ओळखला जाणारा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. पाया नीट घातला गेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

अडचण आली ती विंडोजमुळे. नव्वदच्या दशकातील विंडोजला देवनागरीची जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची मांडणी करता येत नव्हती. डी.टी.पी.चा व्यवसाय मात्र थांबणारा नव्हता. तेव्हा एक युक्ती काढण्यात आली : इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट तयार करावयाचे. संगणकाला वाटावे की आपण इंग्रजी साठवीत आहोत. डोळ्याला दिसावी मराठी. कृतिदेव, श्री-लिपी, आकृती, ए.पी.एस., आय.एस.एम.मधील डी.व्ही.बी.टी.टी. सुरेख व योगेश, किरण अशा अनेक फाँटांनी हीच वाट धरली. मराठीतील वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका आणि प्रबंध यांची एक संपूर्ण पिढी या युक्तीवर उभी राहिली. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या वेळी दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता.

एक उदाहरण घेऊ. कृतिदेवात टंकलिखित केलेला 'मराठी' हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठ्या लिपीतील बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठलेला असतो. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. कृतिदेव फाँट संगणकात असेपर्यंत 'मराठी' दिसते. तो गेला की उरतात पाच निरर्थक इंग्रजी अक्षरे. शिवाय हा संकेत प्रत्येक फाँटगणिक वेगळा. श्री-लिपीत साठविलेला मजकूर कृतिदेवात उघडला तर मराठी अक्षरे दिसतात, पण शब्द लागत नाही. सी-डॅकच्याच फाँटांत एकभाषी आणि द्विभाषी संचांची मांडणी निरनिराळी आहे. इंग्रजीत फाँट हा अक्षराचा पोशाख असतो. टाइम्स रोमनच्या जागी एरियल आला तरी मजकूर तोच राहतो. जुन्या मराठी लेखनात फाँट हा लिपीचाच अर्धा भाग आहे.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीसाठी राखलेल्या १२८ जागांच्या मूळ कक्षात म हा म म्हणूनच साठतो, मग फाँट मंगल असो, कोकिळा असो वा अन्य कोणता. विंडोजमध्ये मराठीचा असा आधार प्रथम विंडोज २००० मध्ये आला. विंडोज एक्स.पी.मध्ये तो होता, पण आपोआप चालू होत नसे. प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन संयुक्त लिप्यांसाठीच्या फाइली एक्स.पी.च्या सीडीवरून मुद्दाम बसवाव्या लागत. त्यामुळे त्या काळी कोऱ्या स्थापनेनंतर युनिकोड मराठीही तुटक, वेलांट्या विस्कटलेली दिसे आणि 'युनिकोड खराब आहे' असा ग्रह होई. मराठी टंकलेखक जुन्या फाँटांना चिकटून राहिले, त्याला हेही एक कारण होते असे मानता येईल. व्हिस्टापासून ही अडचण दूर झाली. सवय मात्र राहिली. आजही अनेक नियतकालिके व मुद्रक लेखकांकडून विशिष्ट जुन्या फाँटातच मजकूर मागतात.

पुसण्यापूर्वीची कामे

सर्वप्रथम फाँटांची यादी करावी. वर्डमध्ये जुनी फाइल उघडून मजकूर निवडला असता वरच्या पट्टीत फाँटचे नाव दिसते. प्रबंध, टिपणे, पत्रव्यवहार, प्रश्नपत्रिका अशा प्रत्येक प्रकारची एकेक फाइल उघडून ही नावे कागदावर लिहून काढावीत. कागदावर अशासाठी की संगणकातील यादी संगणकाबरोबरच पुसली जाते. एकाच प्रबंधात दोन फाँट सापडणे नवलाचे नाही. प्रकरणे एका दुकानात आणि परिशिष्टे दुसऱ्या दुकानात टाइप झालेली असू शकतात.

त्यानंतर फाँटांच्या फाइली उतरवून घ्याव्यात. सी ड्राइव्हमधील विंडोज या फोल्डरात फाँट्स नावाचा फोल्डर असतो. अलीकडच्या विंडोज १० मध्ये मात्र एखाद्याने फाँट केवळ स्वतःच्या खात्यापुरता बसविला असेल, तर तो या फोल्डरात नसतो. वापरकर्त्याच्या खात्यातील लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात असतो. दोन्ही ठिकाणे पाहावीत. श्री-लिपी किंवा आय.एस.एम. यांसारखे विकत घेतलेले सॉफ्टवेअर असेल, तर त्याची मूळ सीडी, अनुज्ञप्ती क्रमांक आणि हार्डवेअर लॉक शोधून एकत्र ठेवावेत. येथे एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. जुना मजकूर नुसता वाचण्यासाठी फाँट पुरेसा असतो. त्याच पद्धतीने टंकन करावयाचे असेल तर सॉफ्टवेअर लागते. जुने १६-बिटचे सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजवर चालतच नाही आणि जुन्या लॉकचे ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी मिळतील याची खात्री नसते. म्हणून वाचनाची सोय आधी पाहावी.

तिसरे आणि सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर. यासाठी विविध फाँटांकरिता परिवर्तक उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडिया उपक्रमातून टी.बी.आय.एल. परिवर्तक दिला जात असे; आज महाजालावरही फाँटनिहाय परिवर्तक सापडतात. हे रूपांतर जुना संगणक चालू असतानाच करावे, कारण मूळ मजकूर शेजारी दिसत असेल तरच चुका पकडता येतात. आणि चुका होतात. त्यांची कारणे लिपीतच आहेत. जुन्या फाँटात अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असतात. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क आधी, वेलांटी नंतर. 'कर्म' या शब्दात जुन्या पद्धतीने रफार म नंतर येतो. युनिकोडमध्ये र म च्या आधी येतो. परिवर्तकाला ही उलटापालट प्रत्येक शब्दात करावी लागते. रफार, वेलांटी आणि जोडाक्षर एकाच ठिकाणी आले की तो अडखळतो. मराठीचा अर्धा र, म्हणजे 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्या' यांतील र, हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या परिवर्तकांत विशेषतः बिघडतो. ओव्यांच्या संग्रहात असे शब्द पानोपानी असतात, तेव्हा तेथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. मराठी परिच्छेदामध्ये आलेली इंग्रजी नावेही मराठी समजून बदलली जातात आणि त्यांचा अर्थहीन कडबोळा होतो.

म्हणून रूपांतरित फाइल आणि मूळ फाइल अशा दोन्ही जपाव्यात. मूळ फाइल कधीही पुसू नये. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पी.डी.एफ. प्रत काढावी. पी.डी.एफ.मध्ये फाँट अंतर्भूत केलेला असल्यास पान जसेच्या तसे दिसत राहते. त्यात शब्द शोधता येत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. परंतु डोळ्यांनी वाचता येते आणि परिवर्तकाच्या चुका त्यावरून दुरुस्त करता येतात. पेजमेकरमध्ये मांडलेल्या फाइलींच्या बाबतीत तर हे अनिवार्य समजावे. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती ठरली आणि त्या फाइली उघडणारे संगणक वर्षागणिक कमी होत आहेत.

उरलेली कामे नेहमीचीच आहेत. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सामान्यतः सी ड्राइव्हमध्ये असतात, याचे विस्मरण होऊ देऊ नये. 'डेस्कटॉपवर ठेवले आहे' याचा अर्थ सीमध्ये ठेवले आहे असाच होतो. सर्व सामग्रीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या साधनांवर कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी. त्या दुसऱ्या संगणकावर आपला जुना फाँट नसेल, तर मजकूर तेथे कसा दिसतो हेही कळेल. फॉरमॅटनंतर आपल्या घरी काय दिसणार होते, याचा तो बिनखर्चाचा नमुना होय.

स्थापनेची प्रत्यक्ष क्रिया

ही क्रिया आता इतकी सुटसुटीत झाली आहे की तिच्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. विंडोज ९८ च्या काळात फ्लॉपीवरून संगणक सुरू करून एफडिस्कची आज्ञा द्यावी लागे, त्या मानाने आजचे काम म्हणजे अर्ज भरण्यासारखे आहे.

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरील साधनाद्वारे त्यावर स्थापनेच्या फाइली उतरवाव्यात. पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व काही या वेळी पुसले जाते. कोणीतरी दिलेल्या, आधीच 'ॲक्टिव्हेट' केलेल्या विंडोजच्या प्रती टाळाव्यात. त्यांत काय मिसळले आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार व विद्यार्थ्यांचे गुण हाताळतो तेथे हा धोका पत्करणे योग्य नाही. संगणकाबरोबर मूळ परवाना असेल, तर तो बहुधा मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि त्याच यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यास आपोआप ओळखला जातो. सेटिंगमधील ॲक्टिव्हेशन या पानावर तशी नोंद आहे की नाही, हे आधी पाहून ठेवावे.

विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही सुरक्षाचकती, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि मान्य यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणतः आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीच्या यंत्रांसाठी पुढे लिनक्सचा विचार केला आहे.

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी यंत्र चालू होताच एफ-१२, एफ-९, एफ-८ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची ठरलेली कळ दाबावी लागते. त्यानंतर 'कस्टम' हा पर्याय निवडला की डिस्कचे भाग दाखविणारा तक्ता येतो. सर्व क्रियेत जपून वागण्याचे ठिकाण हे एकच. येथे सी आणि डी ही ओळखीची नावे दिसत नाहीत. क्रमांक आणि आकारमान दिसते. म्हणून प्रत्येक ड्राइव्हचे आकारमान आधी लिहून ठेवलेले असावे आणि बाहेरची हार्ड डिस्क या वेळी जोडलेली नसावी. जोडलेली असेल तर तीही तक्त्यात दिसते आणि घाईत तिच्यावरच बोट पडू शकते. डी ठेवावयाचा असेल तर केवळ जुन्या प्रणालीचा भाग निवडावा. जुनी डिस्क एम.बी.आर. पद्धतीची असून यंत्र नव्या यू.ई.एफ.आय. पद्धतीने सुरू झाले असेल, तर 'या डिस्कवर विंडोज बसविता येत नाही' असा संदेश येतो. अशा वेळी सर्वच भाग पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रती तयार असल्याखेरीज तो मानू नये.

विजेची भीती मात्र अवास्तव आहे. स्थापना चालू असताना वीज गेली तर यंत्र बिघडत नाही. बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, इतकेच. आपली सामग्री बाहेर सुरक्षित असेल तर नुकसान वेळेचे होते. बायोस अद्ययावत करताना वीज जाणे ही गोष्ट वेगळी. ते काम यू.पी.एस.शिवाय करूच नये. स्थापनेच्या वेळी महाजालाची जोडणी लागते आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसल्यास ती मिळत नाही. अशा वेळी मोबाइल यू.एस.बी. तारेने जोडून त्यावरील महाजाल संगणकाला देता येते. तालुक्याच्या गावी हा उपाय ब्रॉडबँडपेक्षाही भरवशाचा ठरू शकतो.

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत, मायक्रोसॉफ्ट खाते जोडून कोरी स्थापना केल्यास, अनेक यंत्रांवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. तिची ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली त्या खात्यात साठते. खाते दुकानदाराच्या मोबाइलवर काढलेले असेल, तर आपल्या प्रबंधाची किल्ली दुकानदाराकडे राहते. खाते स्वतःचेच असावे आणि ही किल्ली कागदावर उतरवून प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी.

स्थापनेनंतरची मराठी

विंडोज १० पासून एक बदल झाला आहे. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे देवनागरी फाँट कोऱ्या स्थापनेत आपोआप येत नाहीत. निर्मला हा एकच फाँट येतो. त्यामुळे कोकिळेत बसविलेला लेख निर्मलेत उघडतो, मजकूर शाबूत असतो, पण पाने वाढतात, तक्ते मोडतात, आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकतात. सेटिंगमधील वैकल्पिक सुविधांत 'देवनागरी पूरक फाँट' हा संच निवडला की ते सर्व फाँट मिळतात. भाषांच्या यादीत मराठी जोडल्यावर इनस्क्रिप्ट धाटणीचा कळफलक मिळतो. २०१९ च्या आवृत्तीपासून उच्चारानुसारी कळफलकही मिळू लागला. ज्यांचा हात अजून बसलेला नाही, त्यांनी इनस्क्रिप्ट शिकावा असे सुचवावेसे वाटते. संगणक कोणताही असो, प्रणाली कोणतीही असो, तो सर्वत्र सारखाच असतो.

यानंतर जपून ठेवलेले जुने फाँट पुन्हा बसवावेत. फाँटच्या फाइलवर उजवी कळ दाबून, सर्व वापरकर्त्यांसाठी स्थापना हा पर्याय घ्यावा. विकतच्या सॉफ्टवेअरचे फाँट आपल्या परवान्यापुरते वापरणे वेगळे आणि ते वाटत सुटणे वेगळे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

ज्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही, त्यांना लिनक्स हा चांगला पर्याय आहे. उबुंटू, लिनक्स मिंट, तसेच सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते. यांत युनिकोड मराठी उत्तम चालते. इनस्क्रिप्ट आहे, मराठी फाँट आहेत. आणि बहुतेक जुने ट्रूटाइप फाँट तेथेही बसविता येतात, म्हणजे लिब्रे ऑफिसमध्ये कृतिदेवातील फाइल वाचता येते. अडचण येते ती श्री-लिपीसारख्या विंडोजसाठीच्या सॉफ्टवेअरची, आणि काही वेळा जुन्या प्रिंटरची. ज्या अध्यापकाचे लेखन युनिकोडमध्ये आले आहे, त्याला या पर्यायात गमावण्यासारखे फारसे काही नाही.

फॉरमॅट आधीच झाला असल्यास

फाँट गमावलेल्या फाइली अनेक घरांत 'खराब झालेल्या' म्हणून पडून असतील. त्या खराब झालेल्या नसतात. वर्डच्या फाइलमध्ये फाँटचे नाव मजकुराबरोबर साठलेले असते आणि फाँट संगणकात नसला तरी ते नाव वरच्या पट्टीत दिसत राहते. त्या नावावरून फाँट शोधता येतो. ज्या दुकानात टंकन झाले, त्या दुकानाच्या जुन्या संगणकावर तो असण्याचा संभव असतो. सहकाऱ्याकडे त्याच काळातील प्रबंध असेल तर त्याच्याकडेही असू शकतो. नुसत्या मजकुराच्या फाइलीत नाव साठत नाही. तेथे अनुमानाने जावे लागते : एखादा माहीत असलेला शब्द, आपले स्वतःचे नाव, गावाचे नाव शोधावे आणि त्यातील इंग्रजी अक्षरे कोणत्या फाँटाच्या संकेताशी जुळतात ते पाहावे. 'मराठी' या शब्दाची कृतिदेवातील पाच अक्षरे वर दिलीच आहेत. शेकडो पानांच्या फाइलीत ती एकदा जरी ओळीने सापडली, तरी किल्ली कोणत्या जुडग्यातील आहे हे निश्चित होते आणि रूपांतराचे काम त्याच दिवशी सुरू करता येते.